महाबळेश्वरच्या मधमाशांचें रानांतील अन्न

बाटलींतील मध पाहिला म्हणजे मधमाशीची आठवण होते. परंतु ज्या झाडानें त्याचा मकरंद दिला, त्याची आठवण क्वचितच होते. आज त्या झाडांचा विचार करूं.

सातारा जिल्ह्यांतील महाबळेश्वरचें पठार समुद्रसपाटीपासून सुमारें ४,५०० फूट उंच आहे. पश्चिमेचा वारा तेथें आडोशावांचून आदळतो, व वर्षाकाठीं २०० इंचांहून अधिक पाऊस पडतो. तेथील सातेरी माशी झाडाच्या ढोलींत किंवा खडकाच्या कपारींत समांतर पोळीं बांधते. म्हणूनच ती पेटींत पाळतां येते. कड्यावर उघडें पोळें लावणारी आग्या माशी पेटींत नांदत नाहीं.

माशीस दोन प्रकारचें अन्न लागतें. मकरंदापासून मध होतो व तो तिला शक्ति देतो. पराग हें पिलांच्या वाढीचें अन्न होय. कोणतेंही एक झाड हें अन्न बारमास पुरवीत नाहीं. हिंवाळ्यांत पिसा, मार्च-एप्रिलांत जांभूळ, त्यामागून हिरडा व गेळा, अशी फुलांची सांखळी आहे. उन्हाळा हाच मधाचा मुख्य हंगाम. जूनपासून पाऊस, वारा व धुकें यांमुळें माशांस फारसें बाहेर पडतां येत नाहीं. पडल्या तरी बहुतेक फुलांतील मकरंद धुऊन गेलेला असतो. तेव्हां साठविलेला मधच वसाहतीस जगवितो. जो लोभानें सारा मध काढून घेतो, त्याची पेटी श्रावणांत रिकामी झाल्यास नवल कसलें?

पाऊस ओसरूं लागला कीं सोनकीसारखीं रानफुलें येतात. कारवी मात्र सात-आठ वर्षांनीं एकदांच फुलते व बीं धरून मरते. त्या वर्षीं माशांस सुकाळ असतो. पण फुलण्यापूर्वींच ती तोडली, तर तो सुकाळ बुडतो आणि पुढील पिढीचें बींही बुडतें.

याच तालुक्यांतील मांघर हें गांव २०२२ सालीं मधाचें गांव म्हणून जाहीर झालें. तेथील पेट्यांचें भाग्य भोंवतालच्या रानावर अवलंबून आहे. जोराच्या वाऱ्यांत माशी दूर उडूं शकत नाहीं; म्हणून पेटीजवळची, आडोशाची एक जांभूळही मोलाची. ती सरपणासाठीं तोडली तर सांखळीचा एक दुवाच तुटतो.

पालकांनीं बांधावरील झाडें राखावींत, वणवा लागूं देऊं नये, व मध काढतांना पावसाळ्यापुरता वांटा माशांस ठेवावा. विद्यार्थ्यांनीं एक वही करून कोणतें झाड केव्हां फुललें व त्यावर माशा आल्या कीं नाहीं, हें वर्षभर लिहावें. ज्या महिन्याचें पान कोरें राहील, त्या महिन्यांत फुलणारें झाड आपल्या गांवीं लावावें.