अर्धा हप्ता भाडेकरूच भरतो!

डिसेंबर 2021 मध्ये पुनावळ्याला दुसरा फ्लॅट घेतला, तेव्हा मला नुकतेच दिवस गेले होते. राहायला सासऱ्यांचं घर होतंच. बाळासाठी काहीतरी करून ठेवू, असं नवऱ्याच्या मनात होतं. एजंटानं त्याला फोडणी दिली, "मॅडम, अर्धा हप्ता तर भाडेकरूच भरतो!"

फ्लॅट 62 लाखांचा. कर्ज 50 लाख, मुदत वीस वर्षं, व्याज 6.75 टक्के, हप्ता 38 हजार. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी धरून पदरचे सोळा लाख गेले. भाडं सतरा हजार, म्हणजे वर्षाला दोन लाख चार हजार. इथंच मी हिशेबाची वही मिटली.

ती पुन्हा उघडली वर्षभरानं. दोन महिने घर रिकामं होतं. सोसायटीचा मेंटेनन्स महिना 2,800, रिकाम्या घरालासुद्धा. एजंटाला एक महिन्याचं भाडं, रंगाला 22 हजार, मिळकतकर 11 हजार. हाती राहिले 86,400. एकूण 66 लाखांवर हे 1.3 टक्के झाले. त्या दिवाळीत अडीच महिन्यांच्या लेकीला खांद्यावर टाकून मी ओल्या रंगाच्या वासात रंगाऱ्याशी हुज्जत घालत होते, ते वेगळंच.

खरा फटका मात्र भाड्याचा नव्हता. आमचं कर्ज रेपो दराला जोडलेलं. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेनं तो 4 वरून 6.5 टक्क्यांवर नेला. खात्यातून हप्ता तेवढाच कापला जात होता, म्हणून मी निश्चिंत! सव्वीस आठवड्यांची पगारी रजा संपत आली, पुढे सहा महिने बिनपगारी राहायचं ठरवलं होतं, म्हणून एकदा कर्जाचं स्टेटमेंट काढलं. 38 हजारांतले पावणेअडतीस हजार व्याजात गेलेले. मुद्दलात जमा होते जेमतेम अडीचशे रुपये. हप्ता तोच ठेवून बँकेनं मुदत ताणली होती. ठरलेल्या मुदतीत कर्ज फेडायचं तर हप्ता 46 हजार.

रजेचा अर्ज पर्समध्येच राहिला. सहा महिन्यांच्या लेकीला पाळणाघरात ठेवून मी कामावर रुजू झाले. ती पहिल्यांदा उभी राहिली ते मी पाळणाघराच्या ताईंनी पाठवलेल्या व्हिडिओत पाहिलं.

तुमच्याकडेही पाळणा हलणार असेल, तर भाडं दहाच महिन्यांचं धरा. हप्ता आजच्या दरापेक्षा अडीच टक्के जास्त दरानं काढा आणि तो एकाच पगारात बसतो का ते बघा. 'कर वाचेल' यावर फार भिस्त नको: घराचा तोटा पगारातून वजा होतो तो जुन्या करपद्धतीत, वर्षाला फार तर दोन लाख, नव्या पद्धतीत तेवढाही नाही. दर वाढला की हप्ता वाढवायचा की मुदत, ही निवड बँकेनं कर्जदाराला द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2023 चा आदेश आहे. पण बँकेच्या पत्राची वाट पाहू नका, स्वतः जाऊन विचारा. आणि बोनस वगैरे मिळाला, तर तो थेट मुद्दलात भरा. बदलत्या दराच्या गृहकर्जाला बँक त्यासाठी दंड लावू शकत नाही.

कर्ज आधीच घेऊन बसला असाल, तर आज रात्री बाळ झोपलं की स्टेटमेंट उघडा आणि मुद्दलाचा तेवढा रकाना बघा.