जुन्या गाडीचा डिझेल पंप : सुटे भाग शोधताना

कापडाच्या व्यापाऱ्याला पंपाशी काय देणेघेणे, असे कोणी विचारील. पण जो मालाडहून माल भरून कोकणातले आठवडी बाजार करतो आणि रात्री गाडीतच झोपतो, त्याचे दुकान, गोदाम आणि घर तीच गाडी असते. माझ्याकडे अशी एक जुनी मॅटॅडोर होती. आत फळ्यांचे कप्पे, एक गादी, कोपऱ्यात स्टोव्ह. ऐन सणाच्या तोंडावर तिचे इंजिन पेडल सोडले तरी पळू लागले आणि काळा धूर ओकू लागले. दुरुस्तीला अकरा दिवस लागले. तोवर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे गेले.

पहिली चूक माझीच. दुकानात जाऊन मी ‘मॅटॅडोरच्या पंपाचे एलिमेंट द्या’ म्हणालो. दिले ते बसेना. कारण आधीच्या मालकाने इंजिन आणि पंप दोन्ही दुसऱ्या गाडीचे बसवले होते. अशा गाडीत भाग गाडीच्या नावाने मागू नये, पंपाच्या पाटीवरून मागावा. पाटी डिझेलच्या फडक्याने पुसावी. तारेच्या ब्रशने घासल्यास उथळ आकडे जातात.

पाटीवरची अक्षरे अवघड नाहीत. समजा ‘पीईएस ४ एम ५५’ असे आहे. ४ म्हणजे चार सिलिंडर, एम हा पंपाचा आकार, ५५ म्हणजे प्लंजरची जाडी ५.५ मिलिमीटर. पुढचे आकडेही उतरवून घ्यावेत, एकही गाळू नये. आपल्याकडच्या पुष्कळ जुन्या पंपांवर ‘मायको’ हे नाव दिसते. ही बंगळूरची कंपनी १९५१ साली सुरू झाली आणि २००८ पासून तिचे नाव बॉश लिमिटेड आहे. म्हणून जुन्या पाटीवर एक नाव आणि नव्या डब्यावर दुसरे असले, तर तेवढ्यावरून माल नकली समजू नये.

एलिमेंट म्हणजे प्लंजर आणि बॅरल यांची जोडी. दोन्ही एकमेकांवर घासून जुळवलेले असतात, मधली फट मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढी. एका लॉटचा रंग दुसऱ्या लॉटच्या थानाला जुळत नाही, हे आपण जाणतोच. तसेच एका बॅरलमध्ये दुसऱ्याचा प्लंजर घालू नये. घेताना जोडी स्वच्छ डिझेलमध्ये भिजवून तिरपी धरावी आणि प्लंजर थोडा बाहेर ओढून सोडावा. तो आपल्या वजनाने सावकाश आत सरकला पाहिजे. धपकन पडला किंवा अडकला तर जोडी परत करावी.

नवे भाग ऑपेरा हाऊसकडे आणि जुने कुर्ल्याच्या सीएसटी रोडला शोधता येतात. जुना भाग घेताना ‘न बसल्यास परत’ हे बिलावर लिहून घ्यावे. तोंडी वायदा चार दिवसांनी कोणाला आठवत नाही.

आता खरी गोष्ट. माझे एलिमेंट बिघडलेच नव्हते. आठव्या दिवशी एका पंप-नोझलवाल्या उस्तादांनी विचारले, “शेठ, डायाफ्राम पाहिला का?” काही जुन्या पंपांचा गव्हर्नर इंजिनच्या हवेच्या ओढीवर चालतो आणि त्यात चामड्याचा पडदा असतो. तो फाटला की ओढ लागत नाही, स्प्रिंग डिझेल वाढवते आणि इंजिन पळते. अशी गाडी चालवू नये, इंजिन फुटण्याची भीती असते. तपासणी घरची आहे. इंजिन बंद ठेवून गव्हर्नरची हवेची नळी काढावी, बंद करण्याचा दांडा पूर्ण ओढावा, नळीच्या तोंडावर बोट दाबून दांडा सोडावा. तो लगेच परत आला तर पडदा गेला. माझा लगेच आला. पडद्याची किंमत त्या एलिमेंटच्या मानाने काहीच नव्हती.

पंप उतरवण्याआधी फ्लँज आणि इंजिन यांवर मिळून एक रेघ ओढावी, नाहीतर टायमिंग हुकते. उतरवलेल्या नळ्यांची तोंडे स्वच्छ कापडाने बांधावीत. आपल्याकडे चिंध्यांची कमतरता नाही.

कागदांचेही पाहावे. इंजिन बदललेले असेल तर मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे त्याची नोंद आर.सी. पुस्तकात हवी. माझ्या गाडीची नव्हती, ती करून घ्यायला आणखी फेऱ्या पडल्या. पाटीचा नंबर मी नंतर रंगाने गाडीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून घेतला.