उजेड हवा तेवढाच

मुलांनो, खिडकीतून भरपूर उजेड येत असतानाही वर्गातले दिवे पूर्ण प्रकाशाने चालू असतात. ते मंद करता आले तर?

पंख्याचा जुना, मोठा रेग्युलेटर तुम्ही पाहिला असेल. वेग कमी केला की तो गरम होई. पंखा हळू फिरे, पण बरीच वीज रेग्युलेटरमध्येच उष्णता होऊन वाया जाई. इलेक्ट्रॉनिक डिमरचे तसे नाही. तो एलईडी दिव्याची वीज सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू करतो. ही उघडझाप डोळ्यांना दिसत नाही. उजेड फक्त मंद वाटतो. दिवा जेवढा वेळ बंद, तेवढी विजेची बचत!

आता हिशेब करा. एका वर्गात 20 वॅटच्या 4 एलईडी नळ्या आहेत. खिडकीजवळच्या 2 नळ्या निम्म्या विजेवर चालवल्या, तर 20 वॅट वाचतात. 5 तासांत 100 वॅट-तास वाचले. अशा 10 वर्गांत रोज 1 युनिट वाचेल. चंद्रपूरच्या वीजकेंद्रात कोळसा जाळून वीज तयार करतात. म्हणून वीज वाचली की कोळसाही वाचतो.

मात्र प्रत्येक एलईडी दिवा मंद होत नाही. साधा दिवा डिमरवर लुकलुकतो, बिघडूही शकतो. खोक्यावर 'डिमेबल' लिहिलेले पाहूनच दिवा घ्या. डिमर नसेल, तर खिडकीजवळच्या दिव्यांना वेगळे बटण बसवावे. हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

लक्षात ठेवा, अंधारात वाचून वीज वाचवायची नाही. गरजेपेक्षा जास्त असलेला उजेडच कमी करायचा.

शब्दार्थ : मंद – कमी, सौम्य, उघडझाप – उघडणे व मिटणे, वाया जाणे – फुकट जाणे.

प्रश्न : तुमच्या वर्गातील कोणते दिवे दुपारी मंद करता येतील? का?