काचबिंदू : उतारवयातील धास्ती आणि उपचार

मोतीबिंदूचे निदान झाले म्हणून आज खेड्यातील वृद्धही फारसे हादरत नाहीत. शस्त्रक्रिया होईल, भिंग बसेल आणि दिसू लागेल, हे सर्वांच्या परिचयाचे झाले आहे. काचबिंदूचे तसे नाही. 'गेलेली दृष्टी परत येणार नाही' असे डॉक्टर सांगतात आणि रुग्ण ऐकतो, 'राहिलेलीही जाणार'. या दोन विधानांत मोठे अंतर आहे. ते नीट समजावून न दिल्यामुळेच वृद्ध रुग्णांची बरीचशी धास्ती निर्माण होते.

डोळ्याच्या आत पाण्यासारखा द्रव सतत तयार होऊन बाहेर झिरपत असतो. त्याच्या निचऱ्यात अडथळा आला की दाब वाढतो आणि मेंदूकडे दृष्टिसंवेदना नेणारी नस झिजू लागते. सर्वसाधारण दाब पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटर एवढा मानतात. काहींची नस तेवढ्या दाबातही झिजते. नजर बहुधा प्रथम कडेने कमी होते. समोरचे अक्षर स्वच्छ दिसते, डोळा सहसा दुखत नाही. त्यामुळे आपला रोग थांबला की वाढला, हे रुग्णाला स्वतःला कळत नाही. संध्याकाळी अंधुक वाटले, चौकटीला खांदा लागला, की मनात शंका येते. वस्तुतः कारण वाढता मोतीबिंदू किंवा जुना चष्माही असू शकते.

ही भीती कित्येकदा विपरीत वळण घेते. वाईट बातमी ऐकावयास नको म्हणून तपासणी टाळली जाते. थेंब टाकूनही नजर सुधारत नाही, म्हणून औषध बंद होते. थेंब नजर वाढविण्यासाठी नसून दाब उतरविण्यासाठी आहेत, हे एक वाक्य दवाखान्यात शांतपणे सांगितले गेले, तर पुष्कळ अनर्थ टळेल.

स्वीडनमध्ये नुकताच काचबिंदू आढळलेल्या, ५० ते ८० वर्षे वयाच्या २५५ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. सुमारे सहा वर्षांत उपचार न घेतलेल्यांपैकी ६२ टक्के, तर उपचार घेतलेल्यांपैकी ४५ टक्के रुग्णांत रोग पुढे सरकला. दाब १ मिलिमीटरने उतरला की हा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, असेही दिसले. उपचार म्हणजे अभयदान नव्हे, हे खरे. परंतु 'रोग सरकला' म्हणजे अंधत्व आले असे नाही. तपासणीतच कळणारे लहान बदलही त्यात मोजलेले होते.

थरथरत्या हाताने टाकलेला थेंब पुष्कळदा गालावर पडतो. तो घरातील कोणी टाकून द्यावा, नंतर डोळा मिटून नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटे दाबून ठेवावा आणि दुसरे औषध पाच मिनिटांनी घालावे. दम्याच्या रुग्णाने आपला विकार डॉक्टरांना अवश्य सांगावा, कारण यांतील काही थेंब दमा वाढवितात. डोळा एकाएकी दुखू लागला, उलट्या झाल्या, दिव्याभोवती रंगीत वलये दिसली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

रुग्णाच्या भावंडांची आणि चाळिशी ओलांडलेल्या मुलांची नेत्रतपासणीही याच वेळी करून घ्यावी. ग्रामपंचायतीने चावडीच्या व दवाखान्याच्या पायऱ्यांच्या कडा पांढऱ्या रंगविल्या, तर कडेची नजर गेलेल्या वृद्धांना तेथवर एकट्याने येता येईल.