परदेशी नोकरी आणि आरोग्य विमा : निवड कशी करावी?

परदेशगमन ही गोमंतकातील कुटुंबांना नवी गोष्ट नाही. जहाजांवर चाकरी करणारे दर्यावर्दी, पूर्व आफ्रिकेत जाऊन राहिलेले कारकून व कारागीर आणि १९७० नंतरच्या दशकात तेलाच्या व्यवसायाबरोबर आखाती देशांकडे वळलेले तरुण, अशी ही परंपरा आहे. आजही अनेक घरांचा संसार परदेशातून येणाऱ्या पैशांवर चालतो. जाण्यापूर्वी पारपत्र, व्हिसा, पगार आणि राहण्याची सोय यांची चौकशी घरातील सर्व मंडळी आस्थेने करतात. परक्या मुलखात आजार किंवा अपघात उद्भवल्यास रुग्णालयाचा खर्च कोण देणार, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. काही दिवसांच्या उपचारांत कित्येक वर्षांची कमाई खर्ची पडू शकते. म्हणून या प्रश्नाचे उत्तर घर सोडण्यापूर्वीच मिळवणे अगत्याचे आहे.

येथील सवलती तेथे नाहीत

गावी असताना आरोग्यकेंद्र, जिल्हा रुग्णालय आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय यांचा आधार असतो. २०१६ साली सुरू झालेल्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेखाली तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबास अडीच लाख रुपये, तर चार वा अधिक माणसांच्या कुटुंबास चार लाख रुपये एवढ्या मर्यादेपर्यंत उपचारांची तरतूद आहे. या योजनेचे कार्ड परदेशातील रुग्णालयात चालत नाही. भारतीय कंपन्यांची सर्वसाधारण आरोग्य विमापत्रेही मुख्यतः भारतातील उपचारांपुरतीच असतात. आखाती देशांत जाण्यापूर्वी करावी लागणारी वैद्यकीय तपासणी आणि तिचा दाखला यांनाही काहीजण विमा समजतात. तो दाखला माणूस कामास योग्य आहे एवढेच सांगतो. खर्चाची हमी देत नाही.

मालकाने दिलेला विमा

अनेक देशांत कामगाराचा विमा उतरवणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे. अबू धाबीत २००५ च्या कायद्याने आणि दुबईत २०१३ च्या कायद्याने ही सक्ती झाली. शारजा, अजमान आदी संयुक्त अरब अमिरातीच्या उर्वरित भागांतील खाजगी नोकरांना ती १ जानेवारी २०२५ पासून लागू झाली. सौदी अरेबियात १९९९ साली तसा कायदा झाला. दुबईच्या कायद्यानुसार कामगाराच्या विम्याचा हप्ता मालकानेच भरावयाचा असून तो पगारातून कापता येत नाही. हा नियम ठाऊक नसल्यामुळे कपात निमूटपणे सोसली जाऊ नये.

या विम्याबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, पत्नी व मुले सोबत न्यावयाची असल्यास त्यांचा विमा कोणी उतरवावा याचे नियम ठिकाणागणिक वेगळे आहेत. दुबईत ती जबाबदारी कुटुंबास बोलावून घेणाऱ्या व्यक्तीवर पडते. दुसरी, हा विमा नोकरीशी बांधलेला असतो. नोकरी सुटली की त्याचे संरक्षणही फार काळ टिकत नाही. नोकरी बदलताना मधल्या दिवसांची सोय काय, हे आधीच विचारून घ्यावे.

प्रवासी भारतीय बीमा योजना

उत्प्रवास कायदा, १९८३ अन्वये ठरावीक १८ देशांत नोकरीसाठी जाताना ज्यांच्या पारपत्रास उत्प्रवास अनुमतीची आवश्यकता असते, त्यांना भारत सरकारची प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. ही योजना २००३ साली सुरू झाली व २०१७ साली तिच्यात सुधारणा झाली. सुधारित योजनेत दोन वर्षांसाठी २७५ रुपये आणि तीन वर्षांसाठी ३७५ रुपये असा, करांखेरीज, हप्ता ठरवण्यात आला. अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आल्यास दहा लाख रुपये, तर आजारपण व दुखापतीच्या उपचारांसाठी एक लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. मात्र एका वेळच्या रुग्णालयीन उपचारांस पन्नास हजारांची मर्यादा आहे. नोकरीसंबंधी कज्जा उद्भवल्यास ४५ हजार रुपयांपर्यंत कायदेशीर खर्चही मिळू शकतो. मालक वा कामाचे ठिकाण बदलले तरी हे संरक्षण कायम राहते, हा या योजनेचा विशेष होय.

एवढ्या अल्प हप्त्यात मिळणारा हा आधार मोलाचा आहे. परंतु पन्नास हजार रुपयांत परदेशातील मोठी शस्त्रक्रिया होत नाही. त्यामुळे ही योजना मालकाच्या विम्याला पूरक समजावी, त्याचा पर्याय समजू नये. दहावी उत्तीर्ण झालेल्यांना सामान्यतः उत्प्रवास अनुमती लागत नाही. साहजिकच या योजनेची सक्तीही त्यांना लागू होत नाही. परिणामी अधिक शिकलेला तरुणच कधीकधी कमी संरक्षण घेऊन विमानात बसतो. त्याने आपली चौकशी आपणच करणे इष्ट ठरते.

खाजगी विमापत्र निवडताना

मालकाचा विमा अपुरा असल्यास किंवा कुटुंबासाठी वेगळा विमा घ्यावयाचा असल्यास केवळ हप्ता पाहून निवड करू नये. पुढील बाबी विमापत्रातूनच वाचून घ्याव्यात :

१. वर्षभरात कंपनी जास्तीत जास्त किती रक्कम देईल?
२. प्रत्येक बिलातील किती हिस्सा रुग्णाने भरावयाचा, आणि त्या हिश्शास वरची मर्यादा आहे काय?
३. कंपनीच्या यादीत कामाच्या वा राहण्याच्या ठिकाणाजवळचे रुग्णालय आहे काय? यादीबाहेरच्या रुग्णालयाचा खर्च मिळतो काय?
४. पूर्वीपासून असलेल्या आजारांचा खर्च केव्हापासून मिळेल?
५. बाळंतपण, दात, डोळे, मानसिक आजार आणि कामावरील अपघात यांपैकी काय वगळले आहे?
६. रुग्णास, किंवा मृत्यू झाल्यास पार्थिवास, मायदेशी आणण्याचा खर्च समाविष्ट आहे काय?

पहिल्या दोन बाबींचे महत्त्व एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, पहिल्या विमापत्राचा वार्षिक हप्ता १२ हजार रुपये आहे. त्यात कंपनी वर्षाला कमाल तीन लाख रुपये देते आणि रुग्णाचा हिस्सा २० टक्के असून त्यास मर्यादा नाही. दुसऱ्याचा हप्ता २० हजार, कंपनीची मर्यादा दहा लाख आणि रुग्णाचा हिस्सा १० टक्के, परंतु तो २५ हजारांहून अधिक नाही. रुग्णालयाचे बिल सहा लाख रुपये झाले. पहिल्या विमापत्रात रुग्णाचा हिस्सा १ लाख २० हजार होतो. उरलेले ४ लाख ८० हजारही पूर्ण मिळत नाहीत, कारण कंपनी तीन लाखांवर थांबते. म्हणजे विमेदाराच्या अंगावर तीन लाख पडतात. दुसऱ्या विमापत्रात त्याला २५ हजारच द्यावे लागतात. हप्त्यात वाचवलेले आठ हजार अशा रीतीने पावणेतीन लाखांना पडतात. व्हिसापुरता सर्वांत स्वस्त विमा आणि अडचणीच्या दिवशी उपयोगी पडणारा विमा एकच असेल असे नाही.

आजार लपवू नये

मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयविकार असल्यास अर्जात तो स्पष्ट लिहावा. हप्ता वाढेल या भीतीने माहिती दडवली तर नेमक्या गरजेच्या वेळी दावा नाकारला जाण्याचा संभव असतो. दलालाने भरलेल्या अर्जावर न वाचता सही करणे तितकेच धोक्याचे आहे.

घरचा विमा बंद करू नये

परदेशी नोकरी लागली की येथील आरोग्य विम्याचा हप्ता वाया जातो असे वाटून काहीजण तो थांबवतात. हा विचार दूरदर्शीपणाचा नाही. मागे राहिलेल्या आईवडिलांना व मुलाबाळांना त्याची गरज असतेच. शिवाय भारतात पूर्वीच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत प्रतीक्षाकाल असू शकतो. विमा खंडित झाल्यास ही मुदत पुन्हा आरंभापासून मोजली जाण्याचा धोका असतो. पन्नाशीत परतलेल्या माणसाला नव्याने विमा मिळणे महागही पडते आणि कठीणही होते.

विद्यार्थ्यांसाठी

उच्च शिक्षणासाठी जाणाऱ्यांनी प्रवास विमा आणि निवासकाळातील आरोग्य विमा यांतील भेद जाणावा. युरोपातील शेंगेन देशांच्या अल्पमुदतीच्या व्हिसासाठी ३० हजार युरोंचा प्रवास विमा लागतो. तो दीर्घ निवासासाठी पुरेसा नाही. ब्रिटनमध्ये व्हिसाबरोबरच आरोग्य अधिभार भरून तेथील सरकारी सेवा मिळते. जर्मनीत तिशीच्या आतील विद्यार्थ्यांस सार्वजनिक विम्याची सवलत आहे. पण ती नाकारून खाजगी विमा पत्करल्यास तो शिक्षणक्रम संपेपर्यंत सार्वजनिक विम्यात परतता येत नाही. तेथे घाईची सही महागात पडते.

गावाने काय करावे

शिक्षक, पंचायत सदस्य व ग्रामसेवक यांना या कामी पुष्कळ साहाय्य करता येईल. इंग्रजी वा अरबी करारातील विम्याचे कलम वाचून समजावून सांगणे, ही साधी वाटली तरी मोठी सेवा आहे. परदेशी जाणाऱ्याने विमापत्र, विमा कार्ड, पारपत्र व नोकरीचा करार यांच्या प्रती घरी ठेवाव्यात, आणि दावा कसा मागावा हे घरातील एका जाणत्या व्यक्तीस सांगून जावे. मालक वा भरती करणारा दलाल यांच्याविषयी तक्रार असल्यास त्या देशातील भारतीय वकिलातीकडे किंवा केंद्र सरकारच्या 'मदद' या संकेतस्थळावर ती नोंदवता येते.

कुटुंबाच्या भल्यासाठी परदेशी जाणाऱ्या माणसाचे आरोग्य हेच त्या कुटुंबाचे खरे भांडवल आहे. त्याच्या रक्षणाची तजवीज सामान बांधण्यापूर्वी व्हावी, यातच सर्वांचे हित आहे.