ब्रेक किंचाळतात? आधी ऐका, मग गॅरेज गाठा

ऑन्टारियोत नव्याने आलेल्या अनेकांची पहिली गाडी सेकंड हँड असते, आणि पहिला हिवाळा सरेपर्यंत तिचे ब्रेक किंचाळू लागतात. ब्रॅम्प्टन, मिसिसॉगा, वॉटरलू इथे स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांच्या सांगण्याचा रोख एकच: आवाज नेमका केव्हा येतो ते आधी ऐका. निम्मं निदान तिथेच होतं.

आवाज ओळखा

- फक्त सकाळी, पहिल्या काही ब्रेकना: रात्रीच्या दमटपणाने रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या लोखंडी तबकडीवर, गंजाची साय धरते. लगेच थांबला तर काळजी नको.
- चालत्या गाडीत सतत बारीक शिट्टी, ब्रेक दाबला की बंद: पॅड संपत आला की त्यावरची पत्र्याची छोटी पट्टी रोटरला घासते. हा मुद्दाम ठेवलेला इशारा आहे. प्रत्येक पॅडला ही पट्टी नसते, म्हणून आवाज नाही म्हणजे पॅड चांगले, असं धरून चालू नका.
- ब्रेक दाबल्यावरच किंचाळतो, पॅड मात्र जाड: पॅड थरथरतोय. मागचा शिम, म्हणजे पातळ पत्रा, सैल, ग्रीस वाळलेलं किंवा पॅडला चकाकी आलेली असते.
- खरखर, लोखंडावर लोखंड घासल्यासारखी: पॅड संपला. गाडी टो करून न्या.

डोळ्यांनी पाहा

रिमच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारा. नवा पॅड साधारण १० ते १२ मिमी जाड असतो. ३ मिमी उरला की बदलायचा. पण फटीतून सहसा बाहेरचाच पॅड दिसतो. ब्रॅम्प्टनच्या एका कुटुंबाच्या गाडीत बाहेरचा पॅड अर्धा शिल्लक होता आणि आतला पार पत्र्यापर्यंत झिजला होता.

याचं कारण रस्त्यावरचं मीठ. कॅलिपर, म्हणजे पॅड रोटरवर दाबणारा भाग, ज्या पिनांवर सरकतो त्या गंजून अडकतात. पॅडची टोकं बसतात त्या खाचेतही गंज फुगतो, पॅड मागे सरत नाही आणि रोटरला घासत राहतो. म्हणून विंटर टायर काढतानाच दरवर्षी ब्रेक सर्व्हिस करून घ्या: खाचा वायर ब्रशने साफ, क्लिपा नव्या, पिनांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस. साधं ग्रीस चालत नाही, त्याने रबर फुगतं. आवाज दबावा म्हणून रोटरवर तेलाचा फवारा तर कधीच नको. ब्रेक लागणारच नाही.

घरी पॅड बदलणार असाल तर

नुसत्या जॅकवर भिस्त नको, स्टँड लावा. कॅलिपर होजला लटकत ठेवू नका, तारेने वर बांधा. एका ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे पॅड एकदमच बदला. गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहा. मग मोकळ्या रस्त्यावर वेग ५० वरून १० पर्यंत हळूहळू, आठ-दहा वेळा उतरवा, म्हणजे नवे पॅड रोटरवर बसतात. मागे इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक असेल, तर ते काम गॅरेजलाच द्या.

गॅरेजमध्ये

मेकॅनिककडे ३१०-एस, म्हणजे ऑन्टारियोचं गाडी दुरुस्तीचं, लायसन्स आहे का ते विचारा. काम सुरू होण्याआधी लेखी एस्टिमेट घ्या. बिल त्यापेक्षा १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाही. जुने पार्ट परत मागण्याचा हक्क तुम्हाला आहे. नव्या पार्टवर आणि मजुरीवर किमान ९० दिवस किंवा ५,००० किमी, यांपैकी जे आधी होईल तोवर, वॉरंटी असते. गाडी घेताना मिळालेलं सेफ्टी सर्टिफिकेट मात्र तपासणीच्या दिवसापुरतंच बोलतं. पुढच्या हिवाळ्याची हमी ते देत नाही.

आवाज थांबला एवढ्यावर समाधान मानू नका. चारही चाकांच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडची जाडी मिलिमीटरमध्ये बिलावर लिहून मागा.