मिश्रीसुद्धा तंबाखूच

आशाताई घरोघरी येऊन तिशीच्या पुढच्यांचा फॉर्म भरतात. त्यात तंबाखूचा प्रश्न असतो. आपल्या कितीतरी मायबहिणी त्याला सरळ "नाही" म्हणतात. खोटं बोलायचं म्हणून नव्हे. त्या फक्त मिश्री लावतात, आणि मिश्री म्हणजे दात घासायची पूड, असंच लहानपणापासून बघत आल्या. तव्यावर काळी होईपर्यंत भाजली तरी ती तंबाखूच असते, हे त्यांना कोणी सांगितलंच नाही. दंतमंजनात तंबाखू घालायला सरकारने 1992 मध्ये बंदी केली. घरच्या तव्यापर्यंत ती बंदी पोहोचली नाही, तिची बातमीही नाही.

मिश्रीने दाढेची कळ थांबते, हे खरं. पण दाढ घटकाभर बधिर होते, कीड आत चालूच राहते. मग काढण्यावाचून इलाज उरत नाही, आणि "दाढ काढली की नजर जाते" या भीतीने आपण तिथेही थांबतो. दाढेचा नजरेशी काही संबंध नाही.

मुलांचे दात शाळेत, अंगणवाडीत येणारं पथक बघतं. अठरा झाली की कोणी विचारत नाही. ज्याच्याकडे पैसा आहे तो दवाखान्यात बसून चार प्रश्न विचारतो. रोजंदारीवाल्याला सांगते ती टीव्हीवरची जाहिरात, तीही पेस्ट खपवण्यापुरती.

म्हणून एक काम घरीच करू. उजेडात आरसा धरून गालाच्या आत, जिभेच्या कडेला आणि खाली, मिश्री जिथे लागते त्या हिरडीवर बघा. पांढरा किंवा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दुखत नाही म्हणून सोडू नका. तोंडाचा कॅन्सर सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आपलीच तीन बोटं उभी तोंडात जातात का, तेही पाहा. सुपारी-गुटखा खाणाऱ्या पोरांना हे आधी करायला लावा. नुसत्या सुपारीनेही तोंड आवळत जातं.

काही आढळलं तर जळगावला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या, धुळ्याला भाऊसाहेब हिरे महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून दंत विभागात जा. मिश्री किती वर्षं लावता ते डॉक्टरांना सांगा, रागावतील म्हणून लपवू नका. आणि आशाताई पुन्हा आल्या की मागचं "नाही" दुरुस्त करून घ्या.